पहिली पेशी सिव्हिल लाइन्समध्ये : दार कोणतं, कोर्ट कोणाचं आणि जजसाहेबांना सांगणारं कोण?

बुटीबोरीच्या पुढच्या एका खेड्यातले काका धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा दावा घेऊन माझ्याकडे आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी त्यांनी कापडी पिशवीतून सातबारा काढला, मोजणीचा नकाशा काढला, आधार कार्डाच्या चार झेरॉक्स काढल्या आणि सगळ्यात शेवटी वहीच्या पानांत जपून ठेवलेला एक कागद. एका पुढाऱ्याचं लेटरहेड. ‘सदर इसम माझ्या परिचयाचे असून त्यांना योग्य ते सहकार्य करावे.’ खाली हिरव्या शाईत सही.

“मॅडम, हे जजसाहेबायले द्याचं हाय. लागलं तं फोनबी करतो म्हणे भाऊ.”

मी कागदाची घडी घातली आणि परत वहीत ठेवला. काका हिरमुसले. “तहसीलमधी तं ह्याच कागदावर काम झालं होतं.”

त्यांचं चुकत नव्हतं. तहसिलीत टेबलामागे साहेब, इथेही साहेब. तिथे तारखा, इथेही तारखा. गोल शिक्का दोन्हीकडे, बाहेर बसून अर्ज लिहून देणारे दोन्हीकडे. मग एका दारी चाललेली चिठ्ठी दुसऱ्या दारी का चालू नये? ह्या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की कोर्टाचं निम्मं भय जातं. नागपुरात पहिल्यांदा पेशीला येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. वकिलीच्या विद्यार्थ्यांना ह्यात नवं काही सापडणार नाही.

पायरी १ : कागदाचं डोकं वाचा

समन्स किंवा नोटीस हातात पडली की माणूस आधी तारीख बघतो, मग आपलं नाव. त्याआधी वरच्या दोन ओळी वाचा. कोण बोलावतंय ते तिथे लिहिलेलं असतं.

‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’, ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’, ‘जिल्हा न्यायाधीश’, ‘कौटुंबिक न्यायालय’ असं असेल, तर तुम्ही न्यायालयात चाललात. ‘तहसीलदार’, ‘उपविभागीय अधिकारी’, ‘विशेष कार्यकारी दंडाधिकारी’ असं असेल, तर सरकारी अधिकाऱ्यासमोर. ‘दंडाधिकारी’ हा शब्द दोन्हीकडे आहे, सगळा घोळ तिथेच होतो.

इंग्रजांच्या राज्यात कलेक्टर साराही वसूल करायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही ठोठावायचा. घटनेच्या कलम ५० ने राज्याला सांगितलं की कारभार करणारे आणि न्याय करणारे वेगळे करा. १ एप्रिल १९७४ ला लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही वाटणी देशभर पक्की केली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती कायम आहे. न्यायदंडाधिकारी हायकोर्टाच्या हाताखाली, कार्यकारी दंडाधिकारी सरकारच्या. पहिला खटला चालवतो. दुसऱ्याकडे शांतता राखण्याची, बंधपत्रं (शांत राहण्याची लेखी हमी) लिहून घेण्याची, जमावबंदीची कामं.

ही वाटणी पूर्ण झाली असं मात्र समजू नका. शेजाऱ्याशी हाणामारी झाली की पोलीस जी ‘चॅप्टर केस’ करतात (जुनं कलम १०७, आता १२६), ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे ते अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. म्हणजे धरून आणणारं खातं आणि बंधपत्र मागणारं खातं एकच. मला हे कधीच पटलेलं नाही, पण कायदा आज असा आहे. अशी नोटीस आली तर ‘हे तर नुसतं सहीचं काम’ म्हणून एकटे जाऊ नका.

शेतीवाल्यांसाठी आणखी एक. फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याचं, भांडण तहसिलीतून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त असं वर जातं आणि काही प्रकरणं थेट मंत्र्यापुढेही ऐकली जातात. ही सगळी सरकारची माणसं. त्यांच्यापुढे फेरफार ठरतो. मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवतं. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून पेढे वाटलेले आणि पुढे दिवाणी दाव्यात जमीन गेलेले लोक मी पाहिले आहेत.

आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आणि जिल्हा न्यायालयही सिव्हिल लाइन्समध्ये. रिक्षावाला विचारतो, “कलेक्टर ऑफिस की कोर्ट?” तेव्हा ‘तिकडेच कुठेतरी’ म्हणू नका.

पायरी २ : शिडी एकच आहे, ती ओळखा

अमेरिकेत केंद्राची कोर्टं वेगळी आणि राज्यांची वेगळी. आपल्याकडे एकच शिडी. उमरेडच्या कोर्टात बसलेला न्यायाधीश विधानसभेने केलेला कायदाही लावतो आणि संसदेने केलेलाही.

सगळ्यात खाली तालुक्याचं कोर्ट. काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड इथे ती आहेत. तिथले न्यायाधीश बहुधा दोन टोप्या घालतात : दिवाणी दाव्यात ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ आणि फौजदारीत ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’. फौजदारीत ते तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. वर वरिष्ठ स्तर आणि मुख्य न्यायदंडाधिकारी, ज्यांची मर्यादा सात वर्षं. त्यावर जिल्हा व सत्र न्यायालय. खून, बलात्कार असले खटले तिथे चालतात. सत्र न्यायालय फाशीसुद्धा देऊ शकतं, पण हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

मग हायकोर्ट. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. गोंदियाच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही सोय आपोआप झालेली नाही. नागपुरात पूर्वी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. १९३६ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी स्वतंत्र नागपूर हायकोर्ट आलं आणि १९४० मध्ये आजची घुमटाची इमारत उघडली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूर हायकोर्ट संपलं. त्याचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला जबलपूरला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. नागपूरला उरलं खंडपीठ. घरची म्हातारी माणसं अजूनही ‘आपलं हायकोर्ट गेलं’ असं म्हणतात ते ह्या अर्थाने.

व्यवहारात खंडपीठ म्हणजे काय? मुख्य न्यायमूर्ती मुंबईत बसतात. नागपुरात कोणता न्यायमूर्ती कोणत्या प्रकारची प्रकरणं ऐकेल, ह्याचं वेळापत्रक म्हणजे रोस्टर, ते मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकारात ठरतं. तुमच्या वकिलालाही न्यायमूर्ती निवडता येत नाही, सरकारलाही नाही.

सगळ्यात वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. इथे एक गैरसमज पक्का बसलेला असतो की सुप्रीम कोर्ट हायकोर्टाचा ‘बॉस’. अपिलात ते हायकोर्टाचा निकाल फिरवू शकतं. पण हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना कामाचे हुकूम सोडणारं वरिष्ठ कार्यालय ते नव्हे. हायकोर्ट हे स्वतःच घटनेने उभं केलेलं न्यायालय आहे.

ही शिडी चालते कशी, ते विदर्भाच्याच एका खटल्यात दिसलं. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून दोषी ठरवलं. अपिलात नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला त्यांना सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये निकाल रद्द करून अपील पुन्हा ऐकण्यासाठी नागपूरलाच पाठवलं, दुसऱ्या न्यायमूर्तींकडे. पण निकाल काय द्या ते सांगितलं नाही. ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी पुन्हा निर्दोष सोडलं. खटल्याबद्दल तुमचं मत काहीही असो. वरच्या कोर्टाने ‘पुन्हा ऐका’ म्हणणं वेगळं आणि ‘असं ठरवा’ म्हणणं वेगळं, एवढं त्यातून बघून ठेवा.

पायरी ३ : नंबर लिहून घ्या

वकिलाचं नाव विसरलात तरी चालेल, केस नंबर विसरू नका. प्रकार, क्रमांक, वर्ष असा तो असतो. ‘रे. दि. मु.’ म्हणजे रेग्युलर दिवाणी मुकदमा. शिवाय प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की मागची पेशी, पुढची पेशी आणि चढवलेले आदेश दिसतात. “वकील काही सांगतच नाही” ह्या तक्रारीवर एवढा सोपा इलाज दुसरा नाही, हे मी वकील असून सांगतेय.

फायलीतल्या कागदांना निशाणी क्रमांक पडतात. दावा निशाणी १. दाव्यासोबत दिलेला तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५, म्हणून बाररूममध्ये (वकिलांच्या बसायच्या खोलीत) “पाचचं काय झालं?” असं विचारतात. निकालाची किंवा आदेशाची सही-शिक्क्याची प्रत म्हणजे नक्कल. तिचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस असतात, हायकोर्टात ९०. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा मिळतात, अर्ज करायला तुम्ही लावलेले दिवस मिळत नाहीत.

पायरी ४ : स्वतःच्या पेशीआधी एक दिवस नुसते जाऊन बसा

हे कोणी करत नाही आणि ह्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. न्यायालय उघडं असतं. बलात्काराचे खटले, काही कौटुंबिक प्रकरणं आणि न्यायाधीशांनी बंद दाराआड चालवायचं ठरवलेली प्रकरणं सोडली, तर कोणीही आत येऊन मागच्या बाकावर बसू शकतो. परवानगी लागत नाही, नातं लागत नाही. फोन बंद ठेवा, रेकॉर्डिंग तर अजिबात नको.

साडेदहाच्या आत पोहोचा. बाहेर तर्री-पोहे खाऊन या, कारण तुमचं प्रकरण कधी पुकारलं जाईल ते कोणालाच माहीत नसतं. दाराशी किंवा स्क्रीनवर त्या दिवसाची यादी असते, तिला बोर्ड म्हणतात. पुकारा करणारा शिपाई नावं झपाट्याने आणि बरीच मोडून घेतो. ‘ज्ञानेश्वर’चं ‘ग्यानेसर’ होतं, आडनावाचा निम्मा भाग हवेत जातो. म्हणून आपल्या नावासोबत विरुद्ध पार्टीच्या नावाकडेही कान ठेवा.

आत बसलात की न्यायाधीशांच्या हाताकडे बघा. समोर फायलींची चळत, उजवीकडे स्टेनो. दोन्ही वकिलांचं ऐकून ते मान वळवतात आणि सगळ्यांसमोर तोंडी आदेश सांगू लागतात. “अर्जदाराचे वकील हजर. सामनेवाल्याने मुदत मागितली. पाचशे रुपये खर्चावर मुदत मंजूर.” टायपिंगचा आवाज. पुढची फाईल. त्या पाचशे रुपयांत काही नाट्य नाही. पण दोन्ही बाजूंना ऐकू येईल असा, कारणासकट, कागदावर उतरणारा आदेश ही सगळ्या गोष्टीची मेख आहे. फोनवर ठरलेल्या कामाला कारण लिहावं लागत नाही. इथे लिहावं लागतं आणि ते वरचं कोर्ट वाचणार असतं.

खालच्या कोर्टात मराठी चालते. साक्ष मराठीत द्या, समजलं नाही तर “साहेब, समजलं नाही” म्हणा. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, तिथे बाहेर आल्यावर वकिलाला बाजूला घेऊन नीट समजून घ्या. ‘माय लॉर्ड’ म्हणायची धास्ती घेऊ नका. ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हटल्याने कोणाची केस गेलेली नाही.

दारावरच्या तपासणीला वैतागू नका. ऑगस्ट २००४ मध्ये नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच कस्तुरबानगरच्या लोकांनी अक्कू यादव ह्या गुंडाला ठार केलं, त्यात बायका पुढे होत्या. पुढे २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या वस्तीला कायद्याकडून वेळेत काही मिळेल असा विश्वास उरला नव्हता. न्यायाधीश कितीही स्वतंत्र असोत, प्रकरण त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही किंवा फार उशिरा पोहोचलं, तर त्या स्वातंत्र्याचं लोकांनी काय करायचं, हा प्रश्न त्या वेळी इथल्या प्रत्येक वकिलाच्या डोक्यात होता. माझ्या अजून आहे.

पायरी ५ : जजसाहेबांना सांगणारं कोण?

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. तहसीलदाराची बदली सरकार करतं, बढती सरकार देतं, निलंबन सरकार करतं. लेटरहेडवाल्या भाऊंचा हात तिथपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून चिठ्ठीला वजन. न्यायाधीशाची बदली कोण करतं?

खालच्या न्यायाधीशांची भरती एमपीएससीच्या परीक्षेतून होते. मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्यासाठी तीन वर्षांची वकिलीही लागते. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पण हायकोर्टाला विचारल्याशिवाय नाही. आणि एकदा खुर्चीत बसल्यावर, घटनेच्या कलम २३५ प्रमाणे, त्यांची बदली, बढती, रजा, चौकशी हे सगळं हायकोर्टाच्या हातात. पालकमंत्र्याच्या नाही, आमदाराच्या नाही, कलेक्टरच्याही नाही. काकांना मी एवढंच सांगितलं होतं : “काका, भाऊंकडे ह्या साहेबांची फाईलच नाही.”

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना आणखी कवच आहे. त्यांचं वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर थेट टाकलेलं असतं, विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. वय ६२ होईपर्यंत ते पदावर, सुप्रीम कोर्टात ६५. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, तेही चौकशीत गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता सिद्ध झाल्यावर. आजवर एकाही न्यायमूर्तीच्या बाबतीत ही वाट शेवटपर्यंत गेलेली नाही. विधिमंडळात त्यांच्या न्यायालयीन वागणुकीवर चर्चा करायलाही कलम २११ ने मनाई आहे. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला भरतं तेव्हा विधानभवन आणि हायकोर्ट दोन्हीकडे सिव्हिल लाइन्समध्येच गर्दी असते. रस्ते एकमेकांना लागून आहेत, पण ही मनाई मधे उभी असते.

हे कवच घटनेने दिलं असलं तरी ते कसोटीला लागलं आहे. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल (संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही) सरकारविरुद्ध गेला आणि लगोलग तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते असं ज्या हायकोर्टांनी म्हटलं, त्यांत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ होतं. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळे निकाल फिरवले. ते एक मत न्या. एच. आर. खन्ना यांचं. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांच्या कनिष्ठाला मिळालं आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७६ मध्येच हायकोर्टांच्या १६ न्यायमूर्तींच्या एका झटक्यात बदल्या झाल्या. ‘बदली’ ह्या शब्दाची ताकद नोकरदार घरात वाढलेल्या कोणालाही वेगळी सांगायला नको. बहुमताचा तो निकाल चूक होता हे सुप्रीम कोर्टाने स्वतः ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. नागपूरच्या खंडपीठाचं म्हणणं बरोबर ठरायला ४१ वर्षं लागली.

त्या अनुभवातूनच १९९३ नंतर नेमणुका आणि बदल्यांचा शब्द ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, कॉलेजियमकडे आला. २०१४ मध्ये संसदेने त्याऐवजी आयोग आणला, १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. नागपुरात वकिली केलेले दोघे, शरद बोबडे आणि भूषण गवई, ह्याच पद्धतीच्या काळात सरन्यायाधीश झाले, म्हणून आमच्या बाररूममध्ये तिच्यावर टीका जरा जपून होते. मी स्वतः तिच्यावर खूश नाही. बंद खोलीत नावं ठरतात, कोणाला का घेतलं आणि का नाही ते बाहेर फारसं कळत नाही. दुसरीकडे, मंडळाने पाठवलेली नावं सरकार महिनोन्महिने दाबून ठेवतं, हाही हस्तक्षेपच. तरीही चावी सरकारच्या खिशात देण्यापेक्षा ही बंद खोली मी पत्करेन, कारण देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे. कोणत्याही दिवशीचा बोर्ड काढून ‘महाराष्ट्र शासन’ किती वेळा येतं ते मोजा.

आणि जिथे कवच पातळ आहे तेही सांगते. इमारती, कर्मचारी, संगणक ह्यांचा पैसा राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो, रिकाम्या जागांची रड तिथूनच सुरू होते. सरकारी वकील सरकार नेमतं. खालच्या न्यायाधीशाला पुढाऱ्याची भीती कमी असते, वरून येणाऱ्या शेऱ्याची आणि निनावी तक्रारीची जास्त. जामीन द्यायला हवा असं दिसत असूनही “वर बघतील” म्हणून नाकारलेला जामीन मी पाहिला आहे. तिथे कोणाचा फोन आलेला नसतो.

पायरी ६ : ‘सेटिंग’वाल्यापासून लांब

कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर, कधी तर तुमच्याच गावातून, एक माणूस भेटेल. तो म्हणेल, साहेबांशी आपली ओळख आहे, पन्नास हजारांत काम होईल. माझ्या एका अशिलाने असे पैसे दिले होते आणि मला निकालानंतर सांगितलं. हा धंदा कसा चालतो ते ऐका. दिवाणी निकाल तुमच्या बाजूने लागण्याची शक्यता बऱ्याचदा निम्मी तरी असतेच. तो दहा जणांकडून पैसे घेतो. पाच जिंकतात, ते पाच जण गावभर त्याची कीर्ती सांगतात. हरलेल्या पाचांना तो पैसे परत करतो, “ह्या वेळी जमलं नाही, आपण इमानदार माणूस आहो” म्हणून. न्यायाधीशांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं.

पैसे नसतील तर वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, फोन १५१००. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार आणि कोठडीतली माणसं ह्यांना उत्पन्नाची अट नाही.

पायरी ७ : न्यायाधीशांवरच शंका असेल तर

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

आदेश चुकला असं वाटतं : अपील किंवा फेरतपासणी. ‘साहेबांनी आमचं ऐकलंच नाही’ ही तक्रारही अपिलातच लिहायची.

हे न्यायाधीश आपल्याविरुद्ध आहेत अशी सबळ भीती वाटते : प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे, नाहीतर हायकोर्टाकडे. ‘ते विरुद्ध वकिलाशी हसून बोलले’ एवढं कारण पुरत नाही. ते नातेवाईक आहेत, त्यांनी आधी ह्याच वादात वकील म्हणून काम केलं आहे, असं काही दाखवावं लागतं.

लाच किंवा गैरवर्तन : तक्रार हायकोर्टाकडे, नावानिशी, प्रतिज्ञापत्रावर, तारखा आणि पडताळता येतील अशा तपशिलांसह. मंत्रालयात पाठवलेल्या अर्जाने काही होत नाही, त्याचं कारण पायरी ५ मध्ये येऊन गेलं.

आणि व्हॉट्सॲप स्टेटस नको. निकालावर सभ्य, मुद्देसूद टीका करायला अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात आडकाठी नाही. ‘जज विकला गेला’ हे मात्र टीकेत बसत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

काकांच्या निशाणी ५ चा अर्ज तेव्हा नामंजूर झाला. ते चिडले, “भाऊले सांगितलं असतं तं” असं पुटपुटले, पण नकलेचा अर्ज त्याच दुपारी टाकला. मुदतीच्या आत आम्ही जिल्हा न्यायालयात गेलो आणि तिथून मनाई मिळाली. आदेशात न्यायाधीशांनी मोजणीच्या नकाशाचा हवाला दोन ठिकाणी दिला होता, त्या ओळींखाली काकांनी पेन्सिलीने रेघ मारून घेतली. मूळ दावा अजून चालू आहे. मागच्या पेशीला काका आले तेव्हा पुढची तारीख लिहायला त्यांनी वहीतून एक कागद काढला. हिरवी सही मागून उमटलेली दिसत होती. लेटरहेडच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सगळ्या पेशा एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या.